देवकाताईंचं तेलुगू

देवकाताई घाटोळ तेलुगू शिकल्या त्या भांडता यावं म्हणून. मी काही त्यांच्या पाठीमागे बोलत नाही. भर ऑफिसात, साहेब समोरून जात असताना, त्यांनीच हे जाहीर केलं होतं. पंचावन्नावं वय, कुरकुरणारे गुडघे, आणि शाळेत इंग्रजीच्या पेपराला आपण निव्वळ देवाच्या भरवशावर बसलो होतो, हे त्या स्वतःच सांगत. अशा बाईनं नवी भाषा शिकायला घ्यावी, तीही कुणाशी गोड बोलायला नाही तर चार शब्द सुनावायला, याचं अमरावतीत कुणालाच नवल वाटलं नाही. आमच्याकडे हेतू स्वच्छ असला की पुरतं.

मी त्या सरकारी ऑफिसात नवा लागलो तेव्हा देवकाताई आस्थापना शाखेत वरिष्ठ लिपिक होत्या. मूळच्या हिवरखेडच्या. घरचा बागायती मळा होता, वांगी, गिलके, शेवंती, झेंडू. नवरा लवकर गेला, मग दीर मळा बघायचे आणि या अमरावतीत नोकरी करून मुलाला वाढवायच्या. सोमवारी गावाहून परतताना पिशवीभर भाजी आणायच्या आणि टेबलाटेबलावर वाटायच्या. वाटताना प्रत्येकाला त्याचा एकेक दोषही सोबत मिळायचा.

"हे घे वांगे. तुह्या बायकोले भरीत जमत नाई, तरी घे."

आवाज असा की पुण्याहून बदलून आलेले एक साहेब पहिल्याच दिवशी घाबरून केबिनच्या बाहेर आले. त्यांना वाटलं, बाहेर मारामारी चाललीय. देवकाताई त्यांनाच चहा विचारत होत्या.

त्यांचा मुलगा गजू हैदराबादला एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करायचा. त्यानं तिथलीच, दुसऱ्या एका कंपनीत काम करणारी मुलगी पसंत केली. स्रवंती तिचं नाव, माहेर वरंगलचं. देवकाताईंनी जात विचारली नाही, रंग विचारला नाही. फोनवर एकच प्रश्न केला.

"तिची माय मराठी बोलते का?"

"नाई, आई."

"हिंदी?"

"हिंदीही नाई."

"मंग आमी विहिनी-विहिनी हातवारे करून भांडू काय रे?"

साखरपुड्याला त्या वरंगलला जाऊन आल्या आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात फुगून बसल्या. झालं होतं असं, की जेवणं झाल्यावर विहीणबाई, म्हणजे यादम्मा, काहीतरी बोलल्या आणि अख्खी ओसरी हसली. देवकाताईही हसल्या. एकटं गंभीर बसणं बरं दिसत नाही म्हणून सगळ्यांपेक्षा जरा जास्तच हसल्या. गाडीत बसल्यावर त्यांनी गजूला विचारलं, काय झालं होतं रे? तो म्हणाला, काई नाई आई, सहज.

"सहज!" त्या मला म्हणाल्या. "अरे, मी माह्यावरच हासली असीन त? माह्या समोर माही निंदा होईन आन् मी दात काढून बसू? नाई. आता शिकतोच म्हना ही भाषा. एकडाव मले समजलं ना, का कोन काय म्हनून राहिलं, मंग पाहाजा तुमी."

बसस्टँडवरच्या दुकानातून त्यांनी एक पुस्तक आणलं. थोडक्या दिवसांत तेलुगू बोला, अशा थाटाचं. ज्यानं ते लिहिलं त्याचा प्रौढ माणसाशी कधी संबंध आला नसावा. पहिल्या धड्यात पोपट, कमळ आणि सिंह. दुसऱ्यात कपडे आणि दागिने. तिसऱ्या धड्यापासून 'राजाने हत्तीला पाहिले' अशी वाक्यं. देवकाताई जेवणाच्या सुट्टीत डोळे मिटून पाठांतर करायच्या आणि मध्येच एक डोळा उघडून मला म्हणायच्या, "वरंगलात हत्ती कोन पाहून राहिलं रे बाप्पा? मले त 'तुमी माह्याबद्दल आत्ता काय बोलल्या' एवढंच पाह्यजे. ते वाक्य कोनत्याच धड्यात नाई."

तरी शब्द डोक्यात राहावेत म्हणून त्यांनी स्वतःची एक पद्धत काढली होती. तेलुगूत दुधाला 'पालु' म्हणतात. देवकाताईंच्या डोक्यात पाल दूध पीत बसायची. पाणी म्हणजे 'नीळ्ळु', तर माठात त्यांनी नीळ कालवली. अंड्याला 'गुड्डु' म्हणतात हे कळलं त्या दिवशी मात्र आमच्या शिपायाची कंबख्ती भरली. दोन मुलांचा बाप असलेला चांगला मिशाळ माणूस, पण लाडाचं नाव गुड्डू. त्यानं फाइल आणून ठेवली की देवकाताई पदर तोंडात घालून खिडकीकडे बघायच्या. शेवटी त्यानंच मला विचारलं, ताईले माह्यात काय दिसून राहिलं?

लग्न वरंगलला झालं. महिनाभरानं यादम्मा आणि त्यांचे यजमान पहिल्यांदा अमरावतीला आले. देवकाताईंनी आम्हा दोघाचौघांनाही जेवायला बोलावलं. पुरणपोळी, वर तुपाची धार. गजू विडे आणायला बाहेर गेला होता, स्रवंती आत तव्याशी उभी होती, आणि बाहेर वाढायला देवकाताई.

यादम्मा म्हणजे अंगानं काडी. एक पोळी संपली आणि त्या हळूच म्हणाल्या, "चालु."

देवकाताईंचा चेहरा उजळला. "पाहा! मराठी शिकून आली बिचारी! चालू म्हनते!" असं म्हणून दुसरी पोळी वाढली.

"चालु, चालु!"

तिसरी वाढली. यजमानांनी दोन्ही हात ताटावर आडवे धरले आणि कळवळून सांगितलं, "चालु!" त्यांच्या हातांच्या फटीतून चौथी गेली. आम्ही पाहुणे खूश. एवढी मोकळी माणसं व्याही म्हणून मिळाली म्हणून ताईंचं कौतुक करत होतो. यादम्मांच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा मला वाटलं, लेकीचं सासर पाहून भरून आलं असेल.

स्रवंती गरम पोळी घेऊन बाहेर आली, आईकडे पाहून किंचाळली, आणि मग खुलासा झाला. तेलुगूत 'चालु' म्हणजे पुरे.

"अव माय," देवकाताई मटकन खाली बसल्या. "मी त मारूनच टाकत होती दोघाले."

यादम्मा दुपारभर पलंगावर उताण्या पडून होत्या. पडल्या पडल्या, छताकडे बघत, त्या काहीतरी बोलल्या. "काय म्हनते व?" देवकाताईंनी सुनेला विचारलं. स्रवंतीला तोवर मराठी बऱ्यापैकी येत होती, तरी ती म्हणाली, काही नाही, सहज.

झालं. तो शब्द पुन्हा आला. पुस्तक त्या दिवशी रद्दीत गेलं आणि खरं शिक्षण सुरू झालं.

गुरू आमच्याच रस्त्यावर होता. बसस्टँडजवळ राजन्नाची इडली-डोशाची गाडी होती. देवकाताई त्याच्याकडे वर्षानुवर्षं खात होत्या. तो इतकी अस्सल वऱ्हाडी बोलायचा की हा मूळचा कुठला हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं. एका संध्याकाळी तो फोनवर कुणाला तरी झापत होता आणि देवकाताईंच्या कानावर 'लेदु, लेदु' पडलं. 'नाही'साठीचा हा शब्द त्यांना येत होता. त्यांनी इडलीची प्लेट खाली ठेवली.

"काहून रे, तू तेलंगी हायस आन् मले इतके वर्स सांगतलं नाई?"

"तुमी इचारलं कधी, ताई? तुमी त फक्त चटनी मांगता."

राजन्नानं अट घातली, पुस्तक नको, वही नको. रोज ऑफिस सुटल्यावर यायचं, एक वाक्य घ्यायचं आणि तिथंच कुणावर तरी वापरायचं. तो स्वतः वऱ्हाडी असाच शिकला होता. गिऱ्हाइकं ओरडायची, त्यातून त्याला आधी शिव्या आल्या, मग क्रियापदं, आणि सगळ्यात शेवटी 'धन्यवाद'. त्याचा वापर अजून फारसा झाला नाही, म्हणाला.

पहिल्या दिवशी तो म्हणाला, "आता तेलुगूतच बोलू. चेप्पंडी, अम्मा."

देवकाताईंनी खाली पाहिलं, चपला काढल्या आणि डांबरी रस्त्यावर अनवाणी उभ्या राहिल्या. पुस्तकाच्या कपड्यांच्या धड्यात 'चेप्पु' म्हणजे चप्पल असं होतं. राजन्ना पोट धरून हसला. 'चेप्पु' म्हणजे चप्पल खरी, पण 'चेप्पंडी' म्हणजे 'सांगा, बोला'.

"सांगा बी तेच आन् जोडा बी तेच?" देवकाताई चपला घालत म्हणाल्या. "लय शाहनी भाषा हाय. आमच्याकडे हे दोन कामं अलग अलग करा लागतात."

मग रोजचा तमाशा. बडनेऱ्याचा, परतवाड्याचा कुणीही भला माणूस गाडीवर डोसा खात उभा असायचा आणि शेजारची बाई अचानक त्याला तेलुगूत विचारायची, तुमच्या सासूबाईंची तब्येत कशी आहे. लोक प्लेट घेऊन चार पावलं सरकायचे. मी एकदा विचारलं, ताई, लाज नाही का वाटत?

"लाज? अरे, दोन वर्साचं पोट्टं चुकीचं बोललं त आपन त्याचा मुका घेतो. मी चुकली त लोक हासतीन. हासू दे. फक्त मुका घेऊ नोका म्हना."

मला वाटतं, सगळी गोम इथेच होती. मीही त्या काळात इंग्रजी बोलण्याच्या एका क्लासला जात होतो. मला नियम सगळे यायचे आणि तोंड उघडायचं नाही. देवकाताईंना नियम एक यायचा नाही आणि तोंड मिटायचं नाही. वर्षभरानं त्या बोलत होत्या आणि मी अजून भूतकाळात अडकलो होतो.

नियमांशी त्यांची गाठ पडायची ती फक्त भांडणासाठी. एकदा त्या तणतणत ऑफिसात आल्या. तेलुगूत 'तो आला' याला 'वच्चाडु' म्हणतात. 'ती आली'ला 'वच्चिंदी'. आणि 'म्हैस आली'? तिलाही 'वच्चिंदी'च.

"बाप्यासाठी अलग शब्द, आन् बाई आन् म्हैस एका दावनीले!" त्यांनी फाइल आपटली. "मी राजन्नाले इचारलं, हे कोनं ठरवलं? त तो म्हनते, मान देऊन बोलायचं असलं त बाईलेही 'वच्चारु' म्हनतात. म्हनजे मान देसान त मानूस, नाई त म्हैस!"

आपण शिकतोय हे त्यांनी वरंगलकरांना कळू दिलं नव्हतं. गजूलाही नाही, सुनेलाही नाही. यादम्मांशी फोनवर अजून 'हॅलो', 'अच्छा' आणि बाकी हुंकार. मी म्हटलं, सांगा की आता, त्यांनाही आनंद होईल. "फुकट कावून सांगू? आदी पकडू दे एकडाव."

पकडायची वेळ आली ती भलतीच.

लग्नाला दुसरं वर्ष चालू होतं. एका सकाळी ऑफिसात पंख्याचा आवाज ऐकू येत होता. इतक्या वर्षांत तो कुणी ऐकला नव्हता. पाहतो तर देवकाताई गप्प बसलेल्या. गजूचा फोन आला होता. स्रवंती माहेरी निघून गेली. का, तर म्हणे तिला आपली माणसं पटत नाहीत, आपली भाषा नको, आपलं खाणं नको.

"माह्या हातची पुरनपोई त नसीन ना नडली?" त्या म्हणाल्या, पण हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली आणि गजूलाही न सांगता एकट्या वरंगलला निघाल्या. बडनेरा स्टेशनवर मीच त्यांना गाडीवरून सोडलं. मांडीवर वांग्यांची पिशवी होती.

"भांडायला चालल्या का, ताई?"

"हो. कोनाशी, ते तथी गेल्यावर पाहीन."

पुढचं मी पाहिलेलं नाही. त्यांनी परत आल्यावर राजन्नाच्या गाडीपाशी, दोन्ही बाजूंचे आवाज काढत, जे सांगितलं ते असं.

यादम्मांनी पाणी दिलं, खुर्ची दिली. स्रवंती आतून बाहेर आली नाही. यादम्मा आणि त्यांची नणंद समोर बसून आपसात बोलू लागल्या. या बाईला कळत नाही या भरवशावर, अगदी मोकळेपणानं. देवकाताई भिंतीवरच्या देवाच्या फोटोकडे बघत चेहऱ्यावर माशी न हलू देता ऐकत होत्या. ज्यासाठी वर्ष-दीड वर्ष इडल्या खाल्ल्या तो क्षण हाच होता.

आधी 'उद्योगम' ऐकू आलं. त्यांना वाटलं, आपल्याकडे 'नसते उद्योग' म्हणतात तसलं काहीतरी. मग पुढचं आलं, 'पोयिंदी'. म्हणजे गेली. आणि तेलुगूत उद्योगम म्हणजे नोकरी, हे त्यांना त्या क्षणी आठवलं. गजूची नोकरी गेली होती. आज-काल नाही, कित्येक महिन्यांपूर्वी. रोज सकाळी तो डबा घेऊन निघायचा आणि दिवसभर कुठल्याशा बागेत बसून संध्याकाळी परत यायचा. स्रवंतीला हे मागेच कळलं होतं, आता तिनं पुन्हा विषय काढला, तर त्यानं ताट भिरकावलं आणि तिला म्हणाला, चालती हो. आणि हे कुणालाच सांगायचं नाही अशी शपथ त्यानं तिला आधीच घातली होती.

मग नणंदबाई देवकाताईंकडे बघून म्हणाल्या, "पापम. आमेकु तेलियदु."

"पापम म्हनजे आपलं पाप नाई," देवकाताईंनी मला सांगितलं. "पापम म्हनजे, बिचारी. बिचारीले काई ठाऊक नाई, असं म्हनून राहिली ती. मी निंदा पकडाले गेली होती रे. आन् त्या मले बिचारी म्हनून राहिल्या होत्या."

राजन्नानं न मागता चहा पुढे केला.

मग त्यांनी तिथं तोंड उघडलं होतं. "तेलुसु," त्या तेलुगूत म्हणाल्या. "नाकु तेलुसु." मला ठाऊक आहे. दोघी जागच्या जागी थिजल्या. देवकाताईंना पुढे म्हणायचं होतं की चूक आमची आहे, माझ्या मुलाची, माझ्या घराची. त्या म्हणाल्या, "तप्पु मनदी."

राजन्नानं कपाळाला हात लावला. "अव अम्मा! 'मादी' म्हना लागत होतं! 'मादी' म्हनजे आमची. 'मनदी' म्हनजे आपली, तुमची आन् आमची, दोघाईची. तुमी त विहिनीलेच लपेटलं!"

'आम्ही' आणि 'आपण' हा फरक आपल्या मराठीतही आहे, तो काही देवकाताईंना शिकवायला नको होता. पण त्या टीव्हीवरच्या तेलुगू मालिका बघायच्या, तिथं उठता बसता 'मन इल्लु', आपलं घर, चाललेलं असायचं. तोंडाला 'मन'चीच सवय. व्याकरण डोक्यात असतं, घाईत जीभ आपल्या रस्त्यानं जाते.

"मी लपेटलं, का काय केलं, मले समजलं नाई," देवकाताई म्हणाल्या. "पन ते ऐकलं आन् यादम्माचं तोंड उतरलं. पदर तोंडाले लावला आन् रडाले लागली. तिले दिवाईपासून ठाऊक होतं रे, गजूची नौकरी गेली ते. पोरीनं मायले सांगतलं होतं. आन् तिनं मले कळवलं नाई, का विहीन काय म्हनीन. ती म्हने, हो बाई, चूक आपल्या दोघीचीच हाय. तुमी बरोबर बोलल्या."

"मंग तुमी सांगतलं का, तुमाले दुसरं म्हनायचं होतं म्हनून?" राजन्नानं विचारलं.

"पागल हायस का? जे लागू पडलं ते कोन दुरुस्त करते?"

स्रवंती मग बाहेर आली. देवकाताईंनी तिला 'घरी चल' म्हटलं नाही. तिथंच राहा म्हणाल्या, तो स्वतः येऊन पाय धरत नाही तोवर. आणि सगळ्यांसमोर फोन स्पीकरवर ठेवून त्यांनी गजूला झापलं, तेलुगूत, म्हणजे व्याह्यांनाही कळावं. तो दहा वर्षं हैदराबादला राहत होता, पण ऑफिसात इंग्रजी आणि घरी हिंदीवर त्याचं भागायचं. आई काय बोलतेय हे त्याला निम्मं कळलं आणि उरलेलं त्यानं घाबरून विचारलं. देवकाताईंनी त्याचा अर्थ सांगितला नाही. "सहज," म्हणाल्या.

गजू दुसऱ्या दिवशी वरंगलला आला. पुढे त्याला आधीपेक्षा लहान कंपनीत काम मिळालं. स्रवंती लगेच परतली नाही, पाचसहा महिने माहेरीच होती, आणि देवकाताईंनी एकदाही घाई केली नाही. उलट त्या आणि यादम्मा रोज फोनवर बोलायच्या. ऑफिसच्या वेळात, अर्थातच. दोघींचं जमलं असं म्हणवत नाही. त्या कडाकडा भांडायच्या, लोणच्यात मीठ किती यावरूनसुद्धा. मूळ हेतू शेवटी असा तडीस गेला.

एकदा मी त्यांना आठवण करून दिली. "ताई, साखरपुड्याला यादम्मा काय म्हणाल्या होत्या, ते विचारलं का कधी?"

"इचारलं ना. तिले आठवतच नाई." त्यांनी फाइल बंद केली. "सहजच असीन."

निवृत्तीनंतर त्या हिवरखेडला गेल्या आणि माझी बदली अकोल्याला झाली. मग दीडेक वर्षानं त्यांचा फोन आला, हैदराबादला चालली, गाडी अकोल्याहून हाय, येजो स्टेशनवर. गेलो. हातात पिशव्या तीन, गुडघे आणखी बिघडलेले, आवाज तोच. डब्यात चढवून दिलं तर खालचा बर्थ त्यांचा आणि त्यावर एक तेलुगू कुटुंब ऐसपैस पसरलेलं. मी मध्ये पडणार होतो, पण देवकाताईंनी मला हातानं बाजूला सारलं आणि सुरुवात केली. वाक्यं तेलुगू, मधले सांधे वऱ्हाडी. त्या कुटुंबातल्या म्हातारीनं आधी डोळे मोठे केले, मग कंबर खोचून उत्तर दिलं. दोघी अशा रंगल्या की मी खाली उतरलो तेही त्यांना कळलं नाही.

फलाटावरून खिडकीतून दिसत होतं. म्हातारीनं पाय आवरून जागा केली होती, देवकाताई तिला खेटून बसल्या होत्या, मांडीवर भाजलेल्या शेंगांचा पुडा उघडा होता, आणि तोंड सुरूच. गाडी हलली. मी खिडकीबरोबर चालू लागलो. गजांमधून देवकाताईंचा हात बाहेर आला, तसा मीही हात वर केला. त्यांनी मूठ उघडली, शेंगांची टरफलं फलाटावर टाकली, आणि हात परत आत घेतला.